थेट प्रक्षेपणाचा बाजार : उधन्यातील स्पर्धा आणि तिचा हिशोब

मुंबईहून अहमदाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, सुरत स्थानकाच्या अलीकडे, उधना हे जंक्शन आहे. येथून निघालेला फाटा बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अशी गावे घेत सुमारे तीनशे किलोमीटरचे अंतर तोडून जळगावास पोहोचतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापी खोऱ्यातून घातलेल्या या लोहमार्गाने खानदेशातील हजारो कुटुंबांना सुरतेच्या कापड व्यवसायात आणून सोडले. उधना, लिंबायत, डिंडोली आणि पांडेसरा या भागांत आज मराठी व अहिराणी सर्रास कानी पडते. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या मराठी माध्यमाच्या शाळाही शहरात आहेत. यंत्रमागावरील बारा तासांची पाळी, रंगाई-छपाईच्या गिरण्या, भरतकामाची यंत्रे आणि घरोघरी चालणारे साडीवर टिकल्या लावण्याचे व धागे कापण्याचे काम, अशा अनेक अंगांनी ही वस्ती कापडाशी बांधलेली आहे.

खानदेशातून लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी सुरतेला जाण्याची चाल जुनी आहे. चार नातलग जमवून, पहाटेची गाडी पकडून, दिवसभर रिंग रोडवरील बाजार पालथा घालून रात्री गाठोड्यांसह परतणे हा अनेक घरांतील एक सोहळाच होता आणि अजूनही आहे. परंतु अलीकडे त्याला एक जोड मिळाली आहे. रात्रीची जेवणे आटोपली की शिंदखेड्यातील किंवा साक्रीतील गृहिणी मोबाइल उघडते आणि सुरतेचे दुकान तिच्या पडद्यावर येते. दुकानात एक व्यक्ती साडी उलगडून पदर, काठ व ब्लाउजपीस दाखवीत असते, भाव सांगत असते, आणि पाहणाऱ्यांनी लिहिलेल्या प्रश्नांना नावानिशी उत्तरे देत असते. यालाच थेट प्रक्षेपण अथवा रूढ भाषेत ‘लाइव्ह’ म्हणतात. पसंत पडलेल्या साडीचे छायाचित्र, म्हणजे स्क्रीनशॉट, काढून दिलेल्या क्रमांकावर व्हॉट्सॲपने पाठविले की मागणी नोंदली जाते. पैसे यूपीआयने तत्काळ किंवा माल हाती पडल्यावर रोखीने दिले जातात.

वरवर पाहता हा व्यवहार अत्यंत सोपा आहे. एक मोबाइल, एक गोल दिवा, मागे साड्यांची चळत आणि बोलण्याची हातोटी एवढे भांडवल पुरते. म्हणूनच दुकानदाराबरोबर त्याच्या घरातील स्त्रिया, पगारावर ठेवलेल्या तरुणी आणि स्वतःचे दुकान नसताना दुसऱ्याचा माल दाखवून अडतीवर काम करणारे, असे अनेक जण या क्षेत्रात उतरले आहेत. एकाच वेळी इतके जण पडद्यावर आले असता त्यांच्यात स्पर्धा होणे क्रमप्राप्तच होय. ही स्पर्धा नेमकी कशासाठी असते, तिचे नियम कोण ठरवितो आणि तिच्यात कोणाच्या पदरी काय पडते, हे मात्र त्यात उतरणाऱ्यांनाही बहुधा स्पष्ट नसते.

हा बाजार कसा उभा राहिला

फेसबुकने थेट प्रक्षेपणाची सोय २०१६ मध्ये सर्वांना खुली केली. इन्स्टाग्राम आणि यूट्यूब यांनीही त्याच सुमारास मोबाइलवरून प्रक्षेपण करण्याची व्यवस्था आणली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यावर इंटरनेटचा दर झपाट्याने उतरला आणि तासभर चित्र पाहणे खेड्यातील कुटुंबालाही परवडू लागले. २०२० च्या टाळेबंदीत बाजारपेठा बंद राहिल्या तेव्हा अनेक व्यापाऱ्यांनी गोदामातूनच माल दाखविण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी २९ जून रोजी केंद्र शासनाने टिकटॉक, बिगो लाइव्ह व लाइकी यांसह ५९ उपयोजनांवर बंदी घातली. त्या वेळी एकट्या टिकटॉकचे भारतातील वापरकर्ते वीस कोटींच्या घरात असल्याचे सांगितले जात होते. या मंचांवर नाव कमावलेल्यांचा प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. जुलै २०२० मध्ये इन्स्टाग्रामने ‘रील्स’ आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने ‘शॉर्ट्स’ भारतात आणले व ही सगळी मंडळी तिकडे वळली. ज्यांनी आपल्या गिऱ्हाइकांचे दूरध्वनी क्रमांक वहीत उतरवून ठेवले होते त्यांचे नुकसान तुलनेने कमी झाले, ही गोष्ट व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

एकच माल, वीस दुकाने

सुरतेत विणलेले कोरे कापड गिरणीत रंगून व छापून बाजारात येते. एखादे छपाईचे नमुने चालू लागले की तोच माल, किंवा त्याची हुबेहूब नक्कल, थोड्याच दिवसांत अनेक दुकानांत दिसू लागते. बाजारात प्रत्यक्ष गेलेले गिऱ्हाईक थकते आणि चौथ्या-पाचव्या दुकानात खरेदी उरकते. मोबाइलवर मात्र अंगठा सरकविला की दुसरे दुकान हजर होते. माल सारखाच असल्याने विक्रेत्याच्या हाती वेगळेपणाची दोनच साधने उरतात, एक भाव आणि दुसरे बोलणे.

बोलण्याला मर्यादा आहेत, भाव उतरविण्याला मात्र सहसा मर्यादा पाळली जात नाही. याचा परिणाम एका काल्पनिक हिशोबावरून समजून घेता येईल. समजा, विक्रेत्याला साडी ३०० रुपयांस पडते आणि तो ती टपालखर्चासह ४०० रुपयांस विकतो. कुरिअरचे ६० व वेष्टनाचे ५ रुपये वजा जाता एका साडीमागे ३५ रुपये उरतात. रात्रभरात १०० मागण्या आल्या आणि त्यांपैकी २० पार्सले रोखीने सोडविणाऱ्याने नाकारल्यामुळे परत आली, तर ८० साड्यांवरील मिळकत २,८०० रुपये होते. परत आलेल्या प्रत्येक पार्सलावर जाण्याचे ६०, येण्याचे ५० व वेष्टनाचे ५ असे ११५ रुपये वाया जातात, म्हणजे एकूण २,३०० रुपये. हाती राहिले ५०० रुपये. चार तास अखंड बोलणारी व्यक्ती आणि दुसरा दिवस पार्सले बांधण्यात घालविणारे दोघे यांची मजुरी यातूनच निघावयाची आहे. आता शेजारच्या प्रक्षेपणात हीच साडी ३९० रुपयांस मिळते म्हणून विक्रेत्याने भाव केवळ दहा रुपयांनी उतरविला, तर ८० साड्यांवर २,००० रुपये मिळतात, परतीचा खर्च तेवढाच राहतो आणि शंभर मागण्यांचे यश पदरी पडूनही ३०० रुपयांचा तोटा होतो. पडद्यावर ‘आज शंभर ऑर्डर!’ असा जल्लोष चाललेला असताना वहीत तूट पडत असण्याचा संभव असतो तो असा.

या हिशोबातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. परत येणाऱ्या पार्सलांची संख्या वीसवरून दहावर आणता आली, तर भाव न वाढविताही मिळकत दोन हजारांवर जाते. तेव्हा कापडाचा खरा पोत, रंगातील फरक व साडीची लांबी आधीच सांगणारा विक्रेता हा केवळ सज्जन नव्हे, तर व्यवहारचतुरही ठरतो. दिव्याच्या झगझगाटात फिकट गुलाबी रंग राणी रंगासारखा दिसतो हे जाणकार विक्रेते साडी दाराशी, उजेडात नेऊन दाखवितात.

प्रेक्षकांचा तास

भावाची ही चढाओढ डोळ्यांना दिसते. तिच्यामागे दुसरी चढाओढ असते, ती प्रेक्षकांच्या वेळेसाठी. कोणते प्रक्षेपण कोणाच्या पडद्यावर वर आणावयाचे हे मंचाचे गणकयंत्र ठरविते. त्याचे नेमके सूत्र कोणताही मंच उघड करीत नाही, परंतु प्रेक्षक किती वेळ थांबला, त्याने काही लिहिले काय, तो पुन्हा आला काय, या गोष्टींना त्यात वजन असते हे मंच स्वतःच सांगतात. त्यामुळे सादर करणारा प्रेक्षकाला धरून ठेवण्याच्या नाना युक्त्या योजतो. सर्वांत स्वस्त साडी शेवटी दाखवू असे सांगणे, नाव घेऊन स्वागत करणे, अकरा वाजता सोडत काढू असे आश्वासन देणे, या युक्त्या परिचयाच्या आहेत. सर्वच जण रात्री आठ ते अकराच्या दरम्यान प्रक्षेपण करतात, कारण प्रेक्षकांना सवड असते ती तेव्हाच. खानदेशातील प्रेक्षकसंख्या आणि तिचे हे तीन तास काही वाढत नाहीत, वाटेकरी तेवढे वाढतात. मग कोणी पहाटे बसतो, कोणी दुपारी, कोणी दिवसातून तीन वेळा. मागावरची पाळी संपते तेव्हा भोंगा होतो, येथे तसा भोंगा नाही.

प्रक्षेपणापासून थेट मिळणाऱ्या उत्पन्नाचे नियम मात्र लिखित आहेत. यूट्यूबवर जाहिरातींतील वाटा मिळण्यासाठी १,००० वर्गणीदार आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचे प्रेक्षण आवश्यक असते. लहान चित्रफितींच्या बाबतीत नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिले जाण्याची वेगळी अट आहे. चार हजार तास म्हणजे शंभर माणसांनी चाळीस रात्री प्रत्येकी एक तास पाहणे होय. आकडा अशक्य नाही, पण रोज शंभर जणांना तासभर बसवून ठेवणे किती अवघड आहे, हे गावच्या सभेचा अनुभव असणारे ग्रामसेवक सहज सांगू शकतील.

दौलतजादा आणि मंचाचा वाटा

स्पर्धेचे सर्वांत उघड रूप विक्रीत नसून करमणुकीत आढळते. उधना-लिंबायतच्या वस्तीतून आणि खानदेशातून अहिराणी गाणी, विनोदी प्रवेश व गप्पा यांची प्रक्षेपणे होत असतात. अहिराणीला मोबाइलमुळे मोठा प्रेक्षकवर्ग लाभला आहे. ‘हाय झुमका वाली पोर’ हे अहिराणी गीत यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिले गेले आणि ज्यांना अहिराणी येत नाही त्यांच्याही वरातींत वाजले. असे यश पाहून पाळी संपवून आलेला कामगार तरुणही मोबाइलपुढे उभा राहतो यात नवल नाही.

थेट प्रक्षेपणात प्रेक्षक सादर करणाऱ्यास पैशाच्या रूपाने दाद देऊ शकतो. यूट्यूबवर याला ‘सुपर चॅट’ म्हणतात, फेसबुकवर ‘तारे’. अन्य काही मंचांवर गुलाब, मुकुट, मोटारगाडी अशा चित्रांच्या रूपाने भेटी विकत घेऊन पाठविता येतात. दोन सादरकर्ते एकाच पडद्यावर आमनेसामने येऊन ठरावीक वेळेचा, बहुधा पाच मिनिटांचा, सामना खेळतात आणि ज्याला अधिक किमतीच्या भेटी मिळतील तो जिंकतो. टिकटॉकवर, म्हणजे अर्थात भारताबाहेर, हा प्रकार विशेष रूढ आहे.

मराठी माणसाला यात अपरिचित असे काही नाही. कलगी आणि तुरा या दोन पक्षांच्या शाहिरांचे सवाल-जवाब रात्र रात्र रंगत आणि श्रोते आपापल्या पक्षाची बाजू हिरिरीने घेत. तमाशाच्या बोर्डावरील दौलतजादाही प्रसिद्धच आहे. तरीही तीन फरक मूलगामी आहेत. पहिला असा की, यात्रेतील फडाची सुपारी आधी ठरलेली असते. नारायणगावी गुढीपाडव्याच्या सुमारास राहुट्या लागतात, गावकारभारी येतात, रक्कम ठरते आणि मग फड गावी जातो. थेट प्रक्षेपणात सुपारी नाही. रात्रभर गाऊनही एक पैसा न मिळण्याची शक्यता असते. दुसरा फरक निवाड्याचा. सवाल-जवाबात हार-जीत ठरते ती उत्तर सुचले की नाही यावर आणि सारा गाव साक्षीला असतो, भेटींच्या सामन्यात मात्र खिसा निर्णय देतो. तिसरा फरक वाट्याचा. यूट्यूब सुपर चॅटच्या रकमेतील ७० टक्के सादरकर्त्यास देते व उरलेले स्वतःकडे ठेवते. फेसबुक एका ताऱ्यामागे सादरकर्त्यास एक अमेरिकी सेंट देते, प्रेक्षकाला तो तारा त्याहून महाग पडतो. दौलतजादाचा पैसा ज्याच्या हाती पडे तो निदान मोजता येत असे.

हा वाटा किती मोठा होऊ शकतो याचे एक विदारक उदाहरण २०२२ मध्ये पुढे आले. सीरियातील विस्थापितांच्या छावण्यांतून लहान मुलांसह कुटुंबे टिकटॉकवर तासन् तास थेट प्रक्षेपण करून भेटींची याचना करीत असल्याचे बीबीसीने दाखवून दिले. प्रेक्षकांनी दिलेल्या रकमेपैकी ७० टक्क्यांपर्यंत भाग मंचाकडे जातो असे बीबीसीला आढळले. आपला वाटा त्यापेक्षा बराच कमी असल्याचे कंपनीने सांगितले, पण नेमका आकडा दिला नाही.

थेट विक्रीचा व्यवसाय सर्वाधिक फोफावला तो चीनमध्ये. २० ऑक्टोबर २०२१ रोजी ली ज्याची या विक्रेत्याच्या एकाच प्रक्षेपणात एक हजार कोटी युआनहून अधिक रकमेच्या मालाची मागणी नोंदली गेल्याचे प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेथील दुसऱ्या आघाडीच्या विक्रेतीला, व्हिया हिला, करचुकवेगिरीबद्दल १३४ कोटी युआन भरण्याचा आदेश झाला. मे २०२२ मध्ये चिनी शासनाने अल्पवयीनांना भेटी देण्यास मनाई केली. रात्री आठ ते दहा या वेळेत एका खात्याला दोनहून अधिक सामने खेळू देऊ नयेत आणि हरणाऱ्याला ‘शिक्षा’ देण्याचा प्रकार बंद करावा, असेही बजावले. स्पर्धेची वेळच नियंत्रित करण्याचा हा मार्ग भारतात अवलंबिलेला नाही. येथील कायद्याचा भर ग्राहकाला खरी माहिती मिळण्यावर आहे.

ग्राहक व विक्रेता यांच्यासाठी तरतुदी

पैसे अथवा फुकट माल घेऊन एखाद्या वस्तूची शिफारस करणाऱ्याने तसे सांगितले पाहिजे, ही मार्गदर्शक सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध केली. थेट प्रक्षेपणाच्या बाबतीत ही सूचना प्रक्षेपण चालू असेपर्यंत पडद्यावर सतत व ठळकपणे दिसत राहिली पाहिजे. सुरुवातीला एकदा घाईघाईने सांगून भागत नाही, कारण प्रेक्षक मधूनच येत असतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसे घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पॉलिएस्टरच्या साडीला ‘प्युअर सिल्क’ म्हणणे ही बाजारातील सवय असली तरी हजारो लोकांसमोर केलेले ते विधान ध्वनिचित्रासह जतन होते, याचा विसर पडू नये.

खेड्यातील ग्राहकांना या अधिनियमातील एक तरतूद फारशी ठाऊक नाही. फसवणूक झाली तर दाद मागण्यासाठी सुरतेस जाण्याचे कारण नाही. तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. नंदुरबारच्या ग्राहकाने नंदुरबारला, धुळ्याच्या ग्राहकाने धुळ्याला जावे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीस शुल्क नाही. त्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दूरध्वनी करता येतो. पैसे घेऊन खातेच नाहीसे झाले असेल, म्हणजे निव्वळ फसवणूक असेल, तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे. लवकर कळविल्यास रक्कम पुढे सरकण्यापूर्वी रोखता येण्याची शक्यता असते. प्रक्षेपणाचा स्क्रीनशॉट, खात्याचे नाव, पैसे भरल्याची नोंद आणि पार्सल उघडतानाची चित्रफीत जपून ठेवल्यास तक्रार सिद्ध करणे सुलभ होते. विक्रेत्यालाही शेवटच्या गोष्टीचा उपयोग आहे. जुनी साडी परत पाठवून नवी ठेवून घेणारे ग्राहकही असतात.

मुलांचा प्रश्न

यूट्यूबने २२ जुलै २०२५ पासून थेट प्रक्षेपणासाठी किमान वय तेरावरून सोळा वर्षे केले. सोळा वर्षांखालील मूल पडद्यावर यावयाचे असेल तर सोबत प्रौढ व्यक्ती दिसली पाहिजे. इन्स्टाग्रामने ऑगस्ट २०२५ पासून थेट प्रक्षेपण खुल्या आणि किमान १,००० अनुयायी असलेल्या खात्यांपुरते मर्यादित केले. पहिल्या नियमाने खाते चालविणाऱ्या मुलांना काही अंशी आवर बसेल. घरगुती विक्रीत मात्र मूल बहुधा पडद्यावर नसतेच. आई साडी दाखवीत असते आणि पाचवी-सहावीतील मुलगी मोबाइलच्या मागे बसून आलेले प्रश्न मोठ्याने वाचत असते, पत्ते उतरवून घेत असते, दाखविलेल्या साड्यांच्या घड्या घालीत असते. तिचे अक्षर चांगले असते, वाचन जलद असते, म्हणूनच तिची नेमणूक होते. हे काम कोणत्याही मंचाच्या नियमात बसत नाही, कारण मंचाला ते दिसत नाही. रात्री साडेअकराला प्रक्षेपण संपते, सकाळच्या सत्राची घंटा सातच्या सुमारास होते आणि वर्गात ती पेंगत असल्याचे शिक्षकालाच प्रथम दिसते. अशा घरी गेलेल्या शिक्षकाने प्रक्षेपण बंद करा असे सांगून उपयोग होत नाही, कारण घरखर्चाचा काही भाग त्यावर चालतो. प्रश्न वाचणे व पत्ते उतरविणे हे काम नऊ वाजता मुलीच्या हातून काढून घरातील मोठ्या माणसाकडे द्यावे आणि पत्त्यांची वही तिने दुसऱ्या दिवशी शाळेनंतर पुरी करावी, एवढी तडजोड मात्र बहुतेक घरांत शक्य असते.